घरातून या, बागेतून नको

हिल्डाने मला "कशी आहेस?" असं कधी विचारलं नाही. फाटकातून आत पाऊल टाकलं की आधी हातात बादली यायची. तण उपटायचं, बादलीत टाकायचं, आणि काय बोलायचं ते त्या कामाच्या ओघात बोलायचं. चहा नंतर. पहिल्या दिवशी मला रागच आला होता. चांगली सिल्कची साडी नेसून, बेसनाच्या वड्यांचा डबा घेऊन मी शेजारधर्माला गेलेली, आणि ही बाई, ओळख ना पाळख, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून म्हणते, "त्या कोपऱ्यातलं तण काढ. फुलझाडाला हात लावू नकोस."

म्हटलं, "तण कुठलं आणि फुलझाड कुठलं, मला कसं कळायचं?"

"उपटत राहा. मी ओरडले तर ते फुलझाड."

त्या दिवशी ती चार-पाचदा ओरडली. साडीच्या काठाला माती लागली ती शेवटपर्यंत गेली नाही. आणि वड्या तिने एकटीने, उभ्याउभ्या, मातीच्याच हाताने संपवल्या. डबा परत देताना त्यात माती लागलेले चार बटाटे घातले. मला बरं वाटलं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो एवढं कळणारी बाई आहे म्हणायची.

ही गोष्ट दोन हजार अकराच्या शेवटची. त्या वर्षीच्या भूकंपाने ख्राइस्टचर्चचं पार कंबरडं मोडलं होतं. आमचा मंदार सिव्हिल इंजिनियर. शहर पुन्हा उभं करायचं काम निघालं तेव्हा त्याला वेलिंग्टनहून इकडे बोलावलं, आणि त्याच्याबरोबर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, अशी वरात आली. मंदारने भाड्याने घर घेतलं ते नेमकं रेघेवर.

ही रेघ म्हणजे काय ते सांगायला हवं. रस्त्यावर ती दिसायची नाही, सरकारी नकाशावर होती. आमच्या रस्त्याच्या बरोब्बर मधून गेलेली. आमची बाजू हिरवी, म्हणजे राहा, दुरुस्त करा, चालेल. समोरची बाजू, नदीपर्यंतची, सगळी लाल. तिथली जमीन भूकंपात खालून पातळ झाली होती. पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप पुन्हा टाकून उपयोग नाही असं ठरलं. सरकार घरं विकत घेणार, लोकांनी जायचं, घरं पाडायची, मग सगळं खरवडून सपाट करून वर गवत पेरायचं. समोरचं पहिलंच घर हिल्डाचं. धुराडं पडलेलं, जमीन अशी तिरकी की हातातला लिंबू सुटला तर थेट न्हाणीघरात जाऊन थांबायचा. पलंगाच्या दोन पायांखाली विटा लावून ती झोपायची.

घराचं तिला काही नव्हतं. तिचा जीव मागे होता. घराच्या पाठीपासून नदीपर्यंत तिची बाग. एका बाजूला 'यू' नावाच्या झाडाचं, माणसापेक्षा उंच, गर्द हिरवं कुंपण, कात्रीने असं तासलेलं की भिंतच वाटावी. त्याच्या कडेने लांबच लांब फुलांचा वाफा. सफरचंदं, पेअर, आंबट देठांची ऱ्हुबार्बची भाजी, घेवड्याचे मांडव, गोबऱ्या फुलांच्या पिओनीची झुडपं. नवरा गेल्यापासून ती सगळं एकटी करायची. वय ऐंशीच्या पुढे. अंगात नवऱ्याचा कोपरांवर विरलेला स्वेटर, पायात गमबूट, हातमोजे कधीच नाहीत. नखं काळी. "नखं पांढरी असलेल्या माळ्याकडून काही घेऊ नये," म्हणायची.

आणि एक वाक्य तिच्या तोंडात कायम. "कुणी ठरवलं?"

"हिल्डा, दुपारी पाऊस येणार म्हणे."

"कुणी ठरवलं?"

"हिल्डा, डॉक्टरांनी तुला शिडीवर चढू नको सांगितलंय ना?"

"कुणी ठरवलं?" आणि आवाज वरून, शिडीवरून.

घर विकत घेण्याबद्दल बोलायला सरकारी माणूस यायचा. नारिंगी जाकीट, हातात फाइल, गुळगुळीत बोलणं. हिल्डाने त्यालाही बादली धरायला लावली. तो बिचारा एका हातात फाइल आणि एका हातात तण घेऊन तिच्या मागेमागे फिरायचा. "मॅम, मुदतीचा काही विचार केलात का?" "ती बादली जरा इकडे सरकव." "मॅम, शेजारचे सगळे गेले." "हो, आणि त्यांचं तण माझ्याकडे येतंय. त्याचं काय करणार तुमचं खातं?" जाताना तिने त्याला ऱ्हुबार्बची जुडी दिली. पुढच्या वेळी तो गमबूट घालूनच आला.

तिच्या बोलण्याचं सांगते. ती इंग्रजीत बोलायची, आणि माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पुढचं टीव्हीवरचं. पण तण काढता काढता ते आपोआप सुधारलं. इथे तिचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगतेय, त्यामुळे तिच्या शिव्या गळाल्या आहेत. तेवढं नुकसान सोसा.

हिल्डाचे वडील इंग्लंडमध्ये एका मोठ्या हवेलीचे मुख्य माळी. आजोबाही तिथलेच. त्या हवेलीच्या बागेची गोष्ट ती अशी सांगायची, जशी आपण चाळीतल्या बिऱ्हाडांची भांडणं सांगतो. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांना ती एकेरीत हाक मारायची.

"त्या वेळचा मालक राजाच्या बाजूचा, मूर्ख. लढाई झाली राजाची आणि पार्लमेंटची. राजा हरला, त्याचं मुंडकं उडवलं. मग पार्लमेंटचे शिपाई आले, लिंबाची जुनी झाडं तोडून शेकत बसले, आणि फुलांच्या वाफ्यांत घोडे बांधले."

मला लिंबू वाटलं. ते निराळंच झाड, मोठं सावलीचं, हे पुढे कळलं.

"मग?"

"मग नवा राजा आला हॉलंडचा. लगेच ह्यांनी बाग डच करून टाकली. सगळं सरळ, सगळं कातरलेलं. राजाला दिसावं ना, आम्ही तुझेच! मालकाच्या नातवाच्या वेळी दुसऱ्या पक्षाची चलती झाली. त्यांचं म्हणणं, सरळ रेषा म्हणजे जुलमी राजांची आवड. स्वतंत्र माणसाची बाग वाकडीतिकडी, रानासारखी पाहिजे. झालं! कुंपणं उखडली, टेकड्या केल्या, तळं खणलं. झाडांनासुद्धा पक्ष बदलावा लागतो तिथे."

मी हसत होते. पण ती तोवर गंभीर झाली होती. खुरपं मातीत खुपसून म्हणाली, "तळ्याच्या जागी गाव होतं, सुमन. मालकाला खिडकीतून दिसायला नको होतं, म्हणून उठवलं. माझ्या वडिलांचे पूर्वज त्या गावातले. त्यांना नारिंगी जाकीट घालून समजवायलाही कुणी गेलं नाही. मग पिढ्यान् पिढ्या त्याच तळ्याकाठचं गवत कापायला ठेवलं. लोक तिकीट काढून बघायला येतात आणि म्हणतात, किती शांत!"

इंग्रजांची बाग म्हटली की मला आपलं गुलाब आणि पांढरी बाकं एवढंच ठाऊक. तिने माझ्या डोक्यातलं ते चित्र पार उपटून टाकलं. एकदा मी तिच्या लाल फुलांच्या झाडाचं कौतुक केलं, तर म्हणाली, "हे तुमच्या हिमालयातलं. आमच्या लोकांनी पेट्या भरभरून नेलं."

"म्हणजे आमचंच चोरलंत की!"

"हो तर. घे, एक फांदी लावून देते. परतफेड सुरू."

ती फांदी आमच्या दाराशी जगली. ह्यांनी तिचं नाव 'भरपाई' ठेवलं होतं.

आता कंदांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हिल्डा पुरी व्हायची नाही.

इथे आपल्या उलट, जून-जुलै म्हणजे कडाक्याची थंडी. डेलियाची फुलं संपली की खालचे कंद उकरून काढायचे, कोरड्या जागी ठेवायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावायचे, अशी रीत. हिल्डाची शेड भूकंपात बसली होती, म्हणून तिने कंदांच्या दोन पेट्या भुसा घालून आमच्या गराजमध्ये आणून ठेवल्या. मी घरात नव्हते. ह्यांनी उतरवून घेतल्या. आता ह्यांचं बागकामाचं ज्ञान म्हणजे तुळस ओळखतात एवढं.

आषाढी एकादशी आली. मी ह्यांना म्हटलं, "उपासाला रताळी हवी होती हो, दुकानात जाऊन या." हे म्हणाले, "दुकानात कशाला? गराजमध्ये पेट्या भरून आहेत की. हिल्डाने दिलीत." आणि घेऊन आले घमेलंभर. मीही पाहिली, तपकिरी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. म्हटलं इथली रताळी, कुमरा म्हणतात तीच ही, जरा लहान. उकडली, सोलली, तुपात जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वर ओलं खोबरं. जरा पांचट लागली, पण उपासाला काय, चालतं. मंदारने दोनदा घेतली.

संध्याकाळी वाटीत घालून हिल्डाकडे नेली. तिने चमच्यावर घेऊन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चमच्याकडे.

"हे कुठून आणलंस?"

"तूच दिलीस ना? पेटीतली."

मग ती मटकन बाकावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "डेलिया खाल्लेत तुम्ही! अख्खी पेटी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, विष तर नाही ना? आणि त्याहून मोठं म्हणजे, वडिलांची आठवण असणार ही. इंग्लंडहून आणलेली, जपलेली, आणि आम्ही फोडणी घालून मोकळे झालो. मी तिचे हात धरले. "हिल्डा, तुझ्या वडिलांचे होते का गं?"

"वडिलांचे?" ती म्हणाली. "वडिलांचे महायुद्धानंतरच्या भयंकर हिवाळ्यात गारठून मेले. हे मी चर्चच्या सेलमध्ये घेतले होते. तोंड असं करू नकोस. आणि विष नाही, बस."

मग तिने सांगितलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती लहान होती. सरकारचा हुकूम निघाला की हवेलीची हिरवळ नांगरून बटाटे लावा, गुलाब काढून कोबी लावा, काचेच्या घरांत फुलांऐवजी टोमॅटो. बागेचं लोखंडी फाटक तोफांसाठी म्हणून काढून नेलं. माळी होते ते सगळे भरती झाले. आधीच्या युद्धात गेले होते त्यातले फार थोडे परत आले होते, हे गावाला ठाऊक होतं, तरी गेले. उरले तिचे वडील आणि दोन म्हातारे. वडिलांनी हिरवळ नांगरली, निमूटपणे. गुलाब काढले. पण डेलिया काढायला त्यांचा हात होईना. तपासनीस आला, म्हणाला, इथे फुलं कशी? वडील म्हणाले, साहेब, हे फुलझाड नव्हे, कंदमूळ आहे. खायचं.

"तपासनीस हुशार. म्हणाला, मग खाऊन दाखवा. आईने उकडले. वडिलांनी खाल्ले, मी खाल्ले, माझ्या भावाने खाल्ले. तपासनिसापुढे, हसत हसत. साबणासारखे लागत होते. वाफा वाचला." हिल्डाने वाटीतला शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "आईने मीठसुद्धा घातलं नव्हतं. हे जर तेव्हा असं केलं असतं, तर तपासनिसानेच वाढून घेतलं असतं."

दुसरी पेटी शिल्लक होती. ती लावायला आम्ही तिघंही गेलो. ह्यांना तिने सगळ्यांत खोल खड्डे खणायला लावले, शिक्षा म्हणून.

पण मुदत काही टळत नव्हती. एका रविवारी मंदार तिला समजवायला आला. पोरगा तळमळीचा. रात्रंदिवस हेच काम करत होता. बादली हातात घेऊन, गुडघ्यावर बसून त्याने तिला सगळं सांगितलं. "हिल्डा, खालची जमीन सेफ नाहीये. पाइप टाकले तरी पुन्हा तुटणार. ड्रेनेज नाही, पाणी नाही. तू इथे कशी राहणार? बी रिअलिस्टिक."

"ड्रेनेज नसेल तर माणूस राहू शकत नाही. बरोबर?"

"एक्झॅक्टली."

"आणि झाडं?"

"झाडांना ड्रेनेज कशाला लागतंय?"

"तेच विचारतेय मी. मग झाडांनी का जायचं?"

मंदारने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "कारण, प्लॅन तसा आहे. सगळं क्लिअर करायचं. घर विकलंस की जमीन पण त्यांची. ऑल ऑफ इट."

"माझ्या डोळ्यांसमोर ती हवेली पाडली," हिल्डा म्हणाली. "युद्धात सैन्याने तिथे तळ ठोकला, पडझड झाली. नंतर मालकांना कर झेपेनात. छपराचं शिसं विकलं, दगड विकले, काही आठवड्यांत सगळं भुईसपाट. मी वडिलांजवळ उभी होते. मला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, आता खिडक्यांवर येणारी वेल कापायची कटकट गेली. आणि दुसऱ्या दिवशी कुंपण छाटायला गेले. पगार देणारं कुणी नव्हतं. आज तिथे हवेली कुठे होती ते कुणाला सांगता येत नाही. बाग आहे."

त्या आठवड्यात तिने सही केली. नारिंगी जाकीटवाल्याने सुटकेचा श्वास सोडला असेल. मला मात्र तिच्या चेहऱ्यावर हरल्याची एक रेषा दिसेना, म्हणून मला जास्तच धाकधूक.

घर पाडायचा दिवस उजाडला. मी आमच्या खिडकीतून पाहिलं तर ट्रक, डिगर, हेल्मेटवाली माणसं आली होती. हिल्डाचं सामान आदल्याच दिवशी गेलेलं. ती स्वतः मात्र कुठे दिसेना. मी शाल गुंडाळून धावले. तर ही घराच्या कडेने मागच्या बागेत जाणाऱ्या बोळात, यूच्या कुंपणाला पाठ लावून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेली. मांडीवर थर्मास.

डिगर चालवणारा माणूस चांगला थोराड, हातभर गोंदण, नाव टामा. तो खाली उतरला, इथल्या रीतीने नमस्कार केला. "किया ओरा, लेडी. इथे बसता यायचं नाही."

"किया ओरा. कुणी ठरवलं?"

"मला मशीन मागे न्यायचंय. घर मागून पाडत पुढे यायचं, अशी पद्धत आहे. आणि मागे जायला हीच वाट."

"बोळ किती रुंद, तुझं यंत्र किती रुंद, बघ."

त्याने पाहिलं. "हो, कुंपण जाणार. आणि तो फुलांचा पट्टा. सॉरी. तसंही नंतर सगळं खरवडणारच आहेत."

"नंतरचं नंतर. आज तुझ्याकडे कशाचा हुकूम आहे?"

"घर पाडायचा."

"मग पाड. पुढून सुरुवात कर. घरातून ये, बागेतून नको."

टामाला कळेना. "घरातून?"

"पुढचा दरवाजा, मग हॉल, मग माझी झोपायची खोली, मग स्वयंपाकघर. सरळ रेषेत आहे सगळं. माझ्या नवऱ्याने बांधलंय. पाडत पाडत ये, आणि पाडलेलं त्याच वाटेने रस्त्यावर काढ. मागे चाक घालायची गरजच नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. ज्या घरात ती नवी नवरी म्हणून आली, ज्यात संसार केला, त्या घराची ती वाट करून देत होती. आणि आवाज असा, की पाहुण्यांना चपला कुठे काढायच्या ते सांगतेय.

टामाने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. बॉसला फोन लावला. बॉस काय बोलला ते ऐकू आलं नाही, टामा मात्र म्हणत होता, "नाही हो, जास्त वेळ नाही लागणार... हो, म्हातारी आहे... नाही, उठेल असं वाटत नाही." फोन ठेवून म्हणाला, "स्वीट ॲज, ठीक आहे. पुढून जातो. पण तुम्ही मागे सरका, धूळ उडेल."

"सरकते. सुमन, दुसरी खुर्ची नाही, बादली पालथी घाल आणि बस."

आम्ही दोघी बागेच्या पार टोकाला, सफरचंदाखाली बसलो. आधी आवाज आला, मग धूळ. छप्पर खाली आलं तेव्हा मी तिचा हात धरला. तो थंडगार होता. भिंत पडली आणि त्या जागी रस्ता दिसला, पलीकडे आमचं घर दिसलं, खिडकीत उभे असलेले हे दिसले. ह्यांनी हात हलवला. हिल्डानेही हलवला.

"किती उजेड आला बघ वाफ्यावर," ती म्हणाली. "ते स्वयंपाकघर कायम आड यायचं."

आणि मग थर्मासचं झाकण तिला उघडता येईना. मी उघडून दिलं. तेवढंच काय ते.

टामा शब्दाला जागला. कुंपणाचं एक पान तुटलं नाही. जाताना तो मागे आला, तिने त्याला सफरचंदांची पिशवी दिली. खरवडणारी माणसं नंतर आली तेव्हा घराची जागा सपाट करून गवत पेरून गेली. मागचं तसंच ठेवलं. का, ते मला नक्की ठाऊक नाही. मंदारला विचारलं तर म्हणाला, "आई, पुष्कळ ठिकाणी जुनी झाडं ठेवलीयेत. यू डोंट नीड टू नो." आणि मान खाली घालून जेवत राहिला.

हिल्डा शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला गेली. नीटनेटकी जागा. नियम असा की प्रत्येकाने दारात कुंड्या ठेवायच्या त्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. हिल्डाने पहिल्या महिन्यात न्हाणीघरातला जुना पत्र्याचा टब आणून दारात ठेवला आणि त्यात बटाटे लावले. व्यवस्थापक बाई तक्रार करायला आल्या. त्यांच्या हातात काय दिलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

दर गुरुवारी हे गाडी काढायचे आणि आम्ही तिला बागेत न्यायचो. आता तिथे रस्त्याकडचं कुंपण नाही, फाटक नाही, घराचा नंबर नाही. चारी बाजूंना मोकळं गवताळ रान, मधूनच कुणाचं तरी ओकंबोकं लिंबाचं झाड, आणि त्यात ही एक हिरवी भिंत कातरलेली. जाणारे-येणारे थबकायचे. सफरचंदं न्यायचे. कुणी फुलं तोडली तर हिल्डा ओरडायची, पण तोडू नका म्हणून नव्हे, कशी तोडायची ते शिकवायला. "देठ लांब ठेव! अशी मान मुरगळतात का?" एकदा मी म्हटलं, "तुझी बाग लोक लुटतायत बघ." तर म्हणाली, "माझी? मी तर विकली." आणि कात्री चालवत राहिली. ज्या जमिनीवर तिचा काडीचा हक्क नव्हता, तिथे ती पाच वर्षं मालकासारखी राबली. मालकांना राबावं लागत नाही, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

दोन हजार एकोणीसच्या थंडीत हिल्डा गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता, जे तिच्या एकंदर स्वभावात बसत नाही. तिच्या दफनाला टामा आला होता, कोट घालून. मी आणि हे मागे उभे राहिलो. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या फुलांची नावं बरोबर सांगितली.

नदीकाठाने आता लोकांसाठी चालायची वाट केली आहे. खडीची, छान. मी रोज जाते. ती वाट सरळ येते, आणि एका जागी काही कारण नसताना लांब वळसा घेऊन पुन्हा सरळ होते. मंदार म्हणतो, "डिझाइनमध्ये हा बेंड नव्हता."

नव्हताच. तो कुठून आला ते मी पाहिलंय. हिल्डा गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या वसंतातला एक गुरुवार. आम्ही पोचलो तर गवतात ओळीने लाकडी खुंट्या ठोकलेल्या, टोकांना गुलाबी रंग. ओळ पिओनीच्या वाफ्यातून, यूच्या कुंपणाचं टोक कापत, नाकासमोर गेलेली. कोंब नुकते लालसर वर आलेले. हे गाडीतच पेपर वाचत बसले होते. हिल्डाने ओळ एकदा या टोकाकडून पाहिली, एकदा त्या टोकाकडून. तेव्हा तिची पाठ पार वाकली होती, काठी लागायची. काठी तिने माझ्याकडे दिली. दोन्ही हातांनी एक खुंटी हलवली, उपटली, आठ-दहा पावलं गवतात नेली आणि दगडाने ठोकली. मग दुसरी. मी म्हटलं, "हिल्डा, अगं सरकारी आहेत त्या!" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग काय, तिसरी मी उपटली. धाप लागेपर्यंत दोघी तेच करत होतो. खुंट्यांची ओळ अशी गोल वळली, की जणू पहिल्यापासून तसंच ठरलेलं.

शेवटची ठोकत असताना एक माणूस कुत्रा घेऊन आला. कानात वायरी, पायात जॅंडल, म्हणजे रबरी चपला. आमच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "काय चाललंय इथे?"

मी घाबरून काठीमागे लपायचं तेवढं बाकी होतं. हिल्डा उठून उभी राहिली, जेवढं राहता येतं तेवढी. मातीचा हात लांब करून तिने त्याला वळणाची बाजू दाखवली.

"काम चालू आहे," ती म्हणाली. "त्या बाजूने जा."

आणि तो गेला. कुत्र्याला घेऊन, खुंट्यांच्या बाहेरून, वळसा घालून.